आठ मिनिटं जरूर बसवा, पण आधी रात्रीचा ग्रुप बंद करा

पत्र: मकरपुरा जीआयडीसीतल्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एचआर बघते. ऑफिस आणि शॉप (म्हणजे मशीनवर काम चालतं तो भाग) मिळून १४० माणसं आहेत. शेठच्या मुलाने माइंडफुलनेसचं एक ॲप घेतलं आणि रोज सकाळी ८ वाजता सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये १५ मिनिटं डोळे मिटून बसायचं, असा हुकूम निघाला. हजेरी मी घेते. ॲपमधला आवाज इंग्रजी, मागे बासरी. शॉपमधले याला ‘झोपेचा पिरियड’ म्हणतात. दोघांनी ‘आमच्या धर्मात हे बसत नाही’ म्हणून सांगितलं. मागच्या आठवड्यात डिस्पॅचचे सुपरवायझर बसल्याबसल्या थरथरायला लागले, घाम फुटला, उठून बाहेर गेले. तेव्हापासून ते गप्पच असतात. महिनाअखेरीला त्यांचं काम रात्री ११ पर्यंत चालतं आणि ग्रुपवरचे मेसेज त्यानंतरही थांबत नाहीत. शेठना ३ महिन्यांत रिपोर्ट हवा आहे. हे बंद करू, की नीट कसं करायचं ते सांगाल?
— एक वाचक, वडोदरा

ताई, आधी सुपरवायझरसाहेबांचं बघू. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल.

घाम आणि थरथर म्हणजे मनाचंच काहीतरी, असं धरून चालू नका. त्यांना आधी साध्या डॉक्टरकडे पाठवा. बीपी, साखर आणि एक ईसीजी एवढं होऊ द्या. ते सगळं ठीक निघालं तर मग दुसरं कारण संभवतं. डोळे मिटून छातीकडे लक्ष दिलं की काही जणांची धडधड कमी व्हायच्या ऐवजी वाढते. जो माणूस दिवसभर धावपळीत स्वतःला गुंतवून ठेवतो, त्याला गप्प बसवलं की आत दाबून ठेवलेलं एकदम वर येतं. त्यात ॲप ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणत असेल आणि माणूस भराभर मोठे श्वास घेत असेल, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आपल्याला काहीतरी होतंय या भीतीने श्वास आणखी वाढतो. हे ध्यानाच्या जाणकारांना माहीत असतं. ॲपला समोरचा माणूस दिसत नाही.

त्यांना काचेच्या केबिनमध्ये बोलावू नका, सगळा शॉप बघत असतो. चहाच्या वेळी गेटपाशी चालता चालता बोला, आणि थोडकंच बोला: “त्या दिवशी तुम्हाला त्रास झाला, तो बसण्यामुळेही होऊ शकतो. यात तुमचं काही चुकलेलं नाही. यापुढे बसायची सक्ती नाही. कामाचा भार कसा चाललाय?” एवढं विचारून गप्प राहा. पहिलं उत्तर ‘ठीक आहे’ असंच येईल, खरं उत्तर दुसऱ्यांदा विचारल्यावर येतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, घरी चिडचिड होत असेल, तर सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीची माहिती द्या. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारा सरकारी नंबर आहे. तो २४ तास चालू असतो आणि फुकट आहे. नंबर कॅन्टीनच्या फळ्यावर सगळ्यांसाठीच लावा, म्हणजे तो एकट्या कोणाचा राहत नाही. आणि ‘आता नको वाटतं जगणं’ अशा अर्थाचं काही त्यांच्या तोंडून आलं, तर त्यांना एकटं सोडू नका. घरच्या माणसाला फोन करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवा.

दुसरं, हजेरीचं रजिस्टर आजच बंद. सक्तीने बसलेला माणूस घड्याळाकडे लक्ष देतो, श्वासाकडे नाही. आणि ज्याला बसल्याने त्रास होतो, त्याला न बसण्याची वाट हवी. तीसुद्धा कारण न सांगता मिळणारी.

आता शेठच्या मुलाला काय सांगायचं. त्याचा हेतू चांगला आहे, पण हिशेब चुकलाय. १४० माणसं रोज १५ मिनिटं म्हणजे दिवसाला ३५ माणूस-तास, सहा दिवसांचे २१०. एवढा वेळ कंपनी खर्च करते आहे आणि त्यातून निघतंय काय, तर झोपेचा पिरियड. २०२४ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती त्यात तपासली होती. माइंडफुलनेस, ॲप, ताण-नियोजनाचे वर्ग यांत भाग घेतलेले लोक आणि न घेतलेले लोक यांच्या मनःस्वास्थ्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. हा एका वेळचा पाहणी-अभ्यास आहे, त्यामुळे ध्यानाचा उपयोगच नाही असं त्यावरून कोणी म्हणू नये. नीट शिकवलेल्या आठ आठवड्यांच्या वर्गांनी ताण काही प्रमाणात उतरतो, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलेलं आहे. पण ॲप विकत घेऊन काम जसंच्या तसं ठेवलं, तर माणसं बरी होत नाहीत, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तीही त्याला दाखवा. कामाच्या ठिकाणचा, बराच काळ न आवरलेला ताण, असं कारण व्याख्येतच आहे. संघटनेने तो आजार मानलेला नाही. त्याची लक्षणं तीन: अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून धड काही होत नाही असं वाटणं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याच संघटनेने वरिष्ठांना प्रशिक्षण देण्याची आणि कामाच्या पद्धतीत बदल करण्याचीही शिफारस केली आहे. म्हणजे नुसतं कामगाराला डोळे मिटायला सांगून भागत नाही, फोरमन आणि मॅनेजर यांनाही शिकावं लागतं.

तुमच्या पत्रात ताणाचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय. रात्री ११ पर्यंत डिस्पॅच, आणि त्यानंतरही ग्रुप. तिथून सुरुवात करा.

ग्रुपचा नियम असा असू द्या की संध्याकाळी ७ ते सकाळी ७ मेसेज टाकायचा नाही. खरंच अडलं असेल, म्हणजे गाडी अडकली, आग लागली, कोणाला लागलं, तर थेट फोन करायचा, आणि तो कोणी उचलायचा याची पाळी आठवड्याला ठरलेली. मेसेज टाकायला काही लागत नाही म्हणून माणूस दहा टाकतो. रात्री फोन करायचा म्हटलं की ‘उद्या सकाळी चालेल का’ हा विचार त्याच्याच मनात येतो. नियम पाळायची सुरुवात शेठनी करायची. त्यांचा एक मेसेज साडेदहाला पडला की नियम त्याच रात्री संपला, हे त्यांना स्पष्ट सांगावं लागेल.

महिनाअखेरीचं दुखणं डिस्पॅचमध्ये दिसतं, पण बहुतेक वेळा ते वरून आलेलं असतं. पहिले वीस दिवस माल हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) आणि पेंटमध्ये रेंगाळतो, माल घेणाऱ्या पार्टीचा इन्स्पेक्टर २६ तारखेला येतो, कागद २९ ला सुटतात आणि शेवटच्या चार दिवसांत निम्म्याहून जास्त माल बाहेर काढायचा असतो. मागच्या सहा महिन्यांत माल बाहेर गेल्याची चलनं काढून तारीखवार मोजा, एका दुपारचं काम आहे. मग प्लॅनिंगवाल्यांसोबत बसून इन्स्पेक्शनचा कॉल किमान ७ दिवस आधी बुक करायचा, टेस्टला माल पाठवायची शेवटची तारीख २२ धरायची, आणि विक्रीचं टार्गेट महिन्याऐवजी आठवड्याला मोजायचं. हा टार्गेटचा मुद्दा शेठच्या हातातला आहे आणि इथेच खरी रस्सीखेच होईल. पहिल्या महिन्यात फारसं काही बदलणार नाही. तिसऱ्या महिन्यात ११ चे ९ वाजले तरी पुष्कळ झालं.

बसल्यावर जे झोपतात त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. पाच मिनिटं शांत बसवल्यावर ज्याला डुलकी लागते, त्याची झोप बहुधा अपुरी असते. त्यांची पाळी कोणत्या क्रमाने फिरते ते बघा. सकाळ, दुपार, रात्र असा क्रम शरीराला सोपा जातो, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब असतं आणि उशिरा झोपणं त्याला लवकर झोपण्यापेक्षा जमतं. रात्रीनंतर दुपार, मग सकाळ असा उलटा क्रम असेल तर तो आधी सुलटा करा. दोन पाळ्यांमध्ये ११ तास तरी मोकळे हवेत.

आता बसवायचं कसं. सकाळी ८ ही वेळ सोडा. शॉपवाल्याचं चित्त मशीनच्या सेटिंगमध्ये असतं, ऑफिसवाला रिक्षातून उतरून धापा टाकत आलेला असतो. जेवणानंतर तर नकोच. आमच्या मते पावणेअकरा ही वेळ बरी, चहाच्या सुट्टीच्या आधीची. पंधराऐवजी आठच मिनिटं बसवा, आणि ती सुट्टीतून कापायची नाहीत, कंपनीच्या वेळेतली द्यायची. सेव-उसळीचा वास येत असताना ध्यान होत नाही अशी तक्रार येईल. येऊ द्या, वाससुद्धा लक्ष द्यायची गोष्टच आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एका वेळी १२ ते १५ माणसं, ट्रेनिंग रूममध्ये खुर्च्यांवर. खाली बसवू नका. गुडघे, बूट, बेल्ट, सगळ्याचीच अडचण होते. शॉप फ्लोअरवर, फोर्कलिफ्टच्या वाटेवर किंवा चालू मशीनपाशी हा प्रयोग कोणी करायचा नाही, दोन मिनिटंसुद्धा नाही. तीस जण आले तर आठवड्याला १२ माणूस-तास लागतात. आधीचे २१० लक्षात असतील शेठच्या.

ॲपऐवजी माणसाचा आवाज हवा, आणि तो हिंदी किंवा गुजराती, जे समोरच्यांना रोजचं आहे ते. साधारण असं सांगायचं:

“खुर्चीत जरा पुढे सरकून बसा. बुटाची लेस सैल केली तरी चालेल. दोन्ही तळपाय जमिनीला टेकवा.” थांबा.
“डोळे मिटा, किंवा उघडे ठेवून समोर चार-पाच फुटांवर जमिनीकडे बघा.” थांबा.
“तळपायांना काय जाणवतंय ते बघा. गरम, गार, दाब. काही जाणवत नसेल तर तेही चालेल.” अर्धा मिनिट थांबा.
“आता श्वास. तो आपला आपण चालतो, लांब करायचा नाही, रोखायचा नाही. नाकाशी कळतो की पोटाशी, तेवढं बघा. श्वास बाहेर गेला की एक. पुढचा गेला की दोन. दहापर्यंत. मग पुन्हा एक.”
“मध्येच घरचं, कामाचं आठवेल. आठवलं हे कळलं की परत एकपासून.”
“ज्यांना श्वासाकडे बघून अस्वस्थ वाटतं, त्यांनी पुन्हा तळपायांकडे या, किंवा बाहेरचा कंप्रेसर ऐका.”

मिनिटांचा हिशेब असा: पायांना एक, श्वासाला पाच, आवाजांना एक, आणि शेवटचं मिनिट डोळे उघडून खांदे हलवायला आणि आता उठून पहिलं काम कोणतं हे मनाशी ठरवायला. नवखा माणूस हे चालवताना सारखा बोलत राहतो, शांततेची त्याला भीती वाटते. दोन वाक्यांमध्ये २० ते ३० सेकंद जाऊ द्या, हातात घड्याळ धरूनच शिका. आणि ‘मन रिकामं करा’ हे वाक्य कोणी उच्चारायचं नाही. मन भटकणारच. भटकलं हे ध्यानात येणं आणि परत येणं, यातच सगळा व्यायाम आहे. ज्याला रिकामं करायला सांगितलं, तो तिसऱ्या दिवशी ‘मला जमत नाही’ म्हणून सोडतो.

पहिले दोन आठवडे एवढंच. मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सावकाश लक्ष फिरवणं, दहा मिनिटांचं. त्यात शॉपवाल्यांना खांदे आणि कंबर किती आवळून काम करतो ते पहिल्यांदा कळतं, आणि पाठदुखीच्या तक्रारीही तेव्हाच बाहेर येतात. त्या लिहून घ्या आणि टेबलाची उंची तपासा. शेवटचे आठवडे हे कामात उतरवायचे. फोन वाजला की एक रिंग जाऊ द्यायची, मग उचलायचा. टेस्ट बेंचवर प्रेशर सोडण्याआधी एक पूर्ण श्वास आणि गेजकडे नजर. पाळी सोपवताना दोन मिनिटं दुसऱ्याचं मध्ये न बोलता ऐकायचं. याने सुरक्षितताही सुधारू शकते, आणि अशा गोष्टीला कोणी झोपेचा पिरियड म्हणत नाही.

धर्माचा प्रश्न झटकू नका. या पद्धतीचं मूळ बौद्ध आनापानसतीत, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याच्या ध्यानात आहे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी तिला वर्गाचं रूप दिलं. कोणी विचारलं तर हे सरळ सांगा. मूळ लपवलं की संशय वाढतो. मात्र वर्गात ॐ नको, फोटो नको, उदबत्ती नको, बासरीही नको. आपल्या गावाला शांत बसणं काही नवीन नाही म्हणा. जानेवारी १९०८ मध्ये, सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटल्यावर, अरविंद घोष (पुढचे योगी अरविंद) इथे वडोदऱ्यात आले आणि विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यासोबत मजुमदारांच्या वाड्यात तीन दिवस एका खोलीत बसले. पण ते आपल्या मर्जीने बसले होते, रजिस्टर घेऊन दाराशी कोणी उभं नव्हतं. ज्यांना तरीही नको, त्यांनी ती आठ मिनिटं आवारात चालावं किंवा नुसतं बाकावर बसावं. त्यांच्या नावापुढे खूण नको.

बाहेरून शिकवणारा आणणार असाल तर त्याला एकच प्रश्न नक्की विचारा: बसल्याबसल्या कोणी रडायला किंवा थरथरायला लागलं तर तुम्ही काय करता? ‘तसं कधी होत नाही’ म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. शुगर, बीपी, डिप्रेशन सगळं जातं म्हणणाऱ्यालाही. ज्याला कळतं तो सांगेल की डोळे उघडायला लावतो, पाय जमिनीत दाबायला सांगतो, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावतो, पाणी देतो, गर्दी हटवतो आणि काय झालं हे सगळ्यांसमोर विचारत नाही.

सुरुवात कधी करायची? लगेच करू नका. गणपती, नवरात्र, दिवाळी रांगेत आहेत. गरबा खेळून रात्री दोनला झोपलेल्या माणसाला पावणेअकराला डोळे मिटायला सांगणं हा अन्याय आहे. दिवाळीपर्यंत ग्रुप, पाळी आणि महिनाअखेर एवढ्यालाच हात घाला. लाभपाचमीला कारखाना उघडला की दोन आठवडे जाऊ द्या आणि मग पहिला फॉर्म भरून घ्या. सुट्टीवरून ताजा आलेला माणूस सगळं छान लिहितो, तो आकडा धरलात तर पुढे घसरणच दिसेल. तिथून आठ आठवडे म्हणजे उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) आसपास, मग दुसरा फॉर्म.

फॉर्मसाठी डब्ल्यूएचओ-५ ही पाच वाक्यांची प्रश्नावली पुरते. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उत्साही वाटलं, शांत वाटलं, झोपून उठल्यावर ताजं वाटलं, अशा धर्तीची वाक्यं असतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पैकी, तिला ४ ने गुणलं की १०० पैकी. सरासरीत १० गुणांचा फरक पडला तर तो खरा धरावा, दोन-तीन गुण इकडेतिकडे होतच असतात. २५ पैकी १३ पेक्षा कमी गुण आले तर त्या माणसाने डॉक्टरांना भेटलेलं बरं, आणि ही ओळ फॉर्मच्या तळाशी १४४१६ सोबत छापा, म्हणजे ज्याची त्याला कळेल. तुम्ही कोणाचं निदान करायला जाऊ नका. कागदावर नाव नको, डिपार्टमेंट नको, पंचिंग नंबर नको. मोबाइलवरचा फॉर्म ईमेल मागतो म्हणून कागदच बरा, आणि पेटीला कुलूप. डिपार्टमेंट लिहून घ्यायचंच असेल तर दहापेक्षा कमी माणसं असतील तिथला आकडा वेगळा दाखवायचा नाही. सहा जणांत कमी गुणांचा कागद कोणाचा, हे शेठ अक्षर न बघताही ओळखतील.

रिपोर्ट एक पानाचा पुरे. दोन फॉर्मच्या सरासऱ्या, किती जण आपणहून आले आणि आठव्या आठवड्यात किती उरले, रात्री ९ नंतर किती दिवस काम चाललं, ग्रुपवर ७ नंतर किती मेसेज पडले, अर्ध्या दिवसाच्या रजा, रिवर्क (पुन्हा करावं लागलेलं काम) आणि थोडक्यात टळलेले अपघात. हे सगळं मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघा, नाहीतर लग्नसराईच्या रजांचं खापर ध्यानावर फुटेल. तीन महिन्यांत राजीनामे कमी झाले का, असं शेठ विचारतीलच. तो आकडा वर्षाने बघायचा, आणि त्यातही दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत थांबून गेलेले वेगळे काढायचे.